कटकट वही

आमच्या वहिनींना डाव्या कानाने जेमतेम ऐकू येतं. घरात बेल तीनदा वाजली तरी त्या मान वर करत नाहीत, आणि चौथ्यांदा वाजली की मलाच विचारतात, "भाऊजी, बेल वाजली का हो?" अशा बाईंना आमच्या कामावर सगळे कानसेन म्हणायचे. जमिनीखाली तीन किलोमीटरवर खडकाला तडा गेला, तर तो कुठे गेला हे सांगायचं, ही त्यांची नोकरी. बावीस वर्षं त्यांनी ती केली.

मी त्यांचा धाकटा दीर, पंपांवरचा मुकादम. मला तिथे तोफ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

आमच्याकडचा वायू शहाण्यासारखा एका जागी साठून राहत नाही. पाट्याच्या दगडासारख्या घट्ट खडकात तो कणाकणाने अडकलेला असतो. तो काढायचा तर विहिरीतून वाळू घातलेलं पाणी भयंकर दाबाने आत सोडावं लागतं. मग खडकाला बारीक तडे जातात, वाळू त्या तड्यांत बसून त्यांना मिटू देत नाही, आणि वायू हळूहळू वर यायला लागतो. पाणी ढकलायचं काम माझं आणि तडा कुठवर गेला ते बघायचं वहिनींचं. मी ढकलायचं आणि त्यांनी 'पुरे' म्हणायचं. घरी जेवायला बसल्यावरही आमचं हेच नातं होतं, फक्त तिथे ढकलायच्या त्या.

प्रत्येक तड्याचा एक इवलासा हादरा वर येतो. पायाखाली तो कुणाला जाणवत नाही. तो टिपायला विहिरीभोवती जमिनीत चाळीस डबे पुरलेले होते. पूर्वेला एक ते वीस, पश्चिमेला एकवीस ते चाळीस. खरं नाव जिओफोन, पण आम्ही डबेच म्हणायचो. पूर्वेच्या डब्यांची एक जाड केबल आणि पश्चिमेची दुसरी, अशा दोन केबली वहिनींच्या व्हॅनमध्ये येत. आत पडद्यावर चाळीस रेघा थरथरत असायच्या. कुठली रेघ आधी हलली आणि कुठली मागाहून, यावरून कॉम्प्युटर हिशेब मांडून नकाशावर एक ठिपका ठेवायचा. ठिपके जिकडे सरकले तिकडे तडा चालला, असं समजायचं. म्हणजे सगळा कारभार डोळ्यांचा, कानाचा संबंधच नाही. पण लोकांना वाटायचं, बाई जमिनीला कान लावून बसते. वहिनींनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. म्हणायच्या, "असू द्या, तेवढाच दरारा."

त्या इंजिनियर वगैरे नाहीत. कचेरीत टायपिस्ट होत्या. व्हॅनमधला माणूस अचानक नोकरी सोडून गेला, तेव्हा साहेब म्हणाले, दोन दिवस रेघांवर नुसती नजर ठेवा. ते दोन दिवस बावीस वर्षं चालले. पुस्तकं आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या शिकल्या. मी तेव्हा घरात बोललो होतो, की टायपिस्ट बाई आता आमच्या पंपांना थांबा म्हणणार का? दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांचा नवरा, भाकितं करण्यात वाकबगार. तो म्हणाला, "म्हणेल. आणि तू थांबशील."

वहिनींची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, कोपरे दुमडलेली. आम्ही तिला कटकट वही म्हणायचो. डबे तड्यांबरोबर वरची सगळी खडखडही टिपतात, आणि बाकी लोक ती कचरा म्हणून गाळून टाकतात. वहिनी ती लिहून ठेवायच्या. सात नंबर: नऊ पंचवीस, दुधाचा टँकर, खड्ड्यात दोनदा आदळतो. चौदा नंबर: वारा सुटला की झाडाची मुळं. बावीस नंबर: मेंढ्या, पाण्यावर जाताना सावकाश, येताना घाई. तेवीस नंबर: संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ, काठी टेकत, दर दहा पावलांनी थांबतात.

या म्हाताऱ्यांना आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. एकदा ओळीने तीन दिवस तेवीस नंबर गप्प राहिला. वहिनी चौथ्या दिवशी कामावरून सुटल्यावर टेकडीपलीकडे चौकशी करत गेल्या. गृहस्थ पाय मुरगळून खाटेवर पडलेले, घरात पाणी द्यायला कुणी नाही. वहिनींनी डॉक्टरला बोलावलं. म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं कसं?" वहिनी म्हणाल्या, "तुमची काठी वाजली नाही ना." साहेबांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, की कंपनी या कामाचा पगार देत नाही. वहिनी म्हणाल्या, "मग मी घेत पण नाही."

मी मात्र त्या वहीची यथेच्छ टिंगल केली. ज्याला लवकर राग येतो ना, त्याला दुसऱ्याचा सावकाशपणा सोसत नाही. आणि वहिनींचं सगळं सावकाश. केबलला कुणी हात लावला, अगदी धूळ पुसायला लावला, तरी त्यांचा एक नेम होता. कुणीतरी पूर्वेच्या एका डब्याजवळ जाऊन तीन उड्या मारायच्या, मग पश्चिमेच्या एका डब्याजवळ तीन. त्या आत पडद्यावर बघायच्या, की उडी जिथे मारली तिथेच दिसते ना. याला सगळे 'वहिनींची उठाबशी' म्हणायचे. पोरासोरांसारख्या उड्या मारायला कुणी राजी नसे, आणि माझं वजन तेव्हा अठ्ठ्याण्णव किलो होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

एका मंगळवारी वाळूचा ट्रक पूर्वेच्या केबलवरून गेला. केबल चेपली. वहिनी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि वीजवाला दुपारनंतर येणार होता. मला दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू करायचे होते. म्हटलं, दोन वायरी तर लावायच्या, त्यात काय आभाळ कोसळणार आहे! चेपलेला तुकडा बदलला. ओढायला सोपं जावं म्हणून व्हॅनमधल्या दोन्ही केबलींचे प्लग काढले आणि काम झाल्यावर परत लावले. दोन्ही सॉकेटं सारखी, वरची अक्षरं पुसलेली. रेघा हलल्या, चाळीसच्या चाळीस. मी हात झटकले.

बुधवारी सकाळी वहिनींनी विचारलं, "केबल बदलली म्हणे. उड्या मारल्यात?"

मी म्हणालो, "हो हो, झालं ते."

सरळ सरळ खोटं. कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं माझ्यावर. फक्त घाई होती, आणि उड्यांची लाज.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे हो, वहिनी. आता सही करा बघू."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पंपांच्या परवानगीवर सही केली. दिराच्या शब्दावर.

त्या दिवशी सगळं झकास झालं. सुरुवातीला विहिरीच्या आत चाचणीचा एक बार काढतात, त्याचा ठिपका नकाशावर बरोबर विहिरीवर पडला. पडणारच होता. विहीर मधोमध, आणि मधोमध असलेली वस्तू आरशातही मधोमधच दिसते, हे मला नंतर कळलं. मग खडकाचे ठिपके पश्चिमेला सरकत गेले, म्हणजे साहेबांना हवं तिकडेच. कारण पूर्वेला सहाशे मीटरवर एक जुनी, तीस वर्षांपूर्वी सिमेंट भरून बंद केलेली विहीर होती. तिच्या तोंडावरचं झाकण गंजलं होतं आणि ते बदलायचं काम महिनाभर रखडलं होतं. पण ती विहीर उघडायची तर तडा तिकडे येत नाही, अशी व्हॅनमधून लेखी खात्री लागायची. साहेबांनी नकाशा बघून कागद पुढे केला. वहिनींनी त्यावर दुसरी सही केली. झाकण बदलायला गुरुवारी सकाळी तिघं जण जाणार होते, आणि त्यांचा मुख्य वेल्डर होता आमचा दादा.

गुरुवारी साडेआठला मी पंप सुरू केले. पंप चालू झाले की डब्यांवर इतका गोंगाट येतो, की मेंढ्या, मुळं, काठ्या सगळं बुडून जातं. वर येतो तो फक्त दुधाचा टँकर, कारण तो खड्ड्यात आपटतोच तसा. बुधवारी टँकर आलाच नव्हता. वहिनींनी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं: टँकर नाही, चौकशी करणे.

गुरुवारी तो आला. नऊ सव्वीसला माझ्या वॉकीटॉकीवर वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, रस्ता पूर्वेलाच आहे ना?"

"म्हणजे? काल रात्रीतून कोण उचलून नेणार?"

"मग दुधाचा टँकर सत्तावीस नंबरवर कसा आपटला? तिकडे नुसता गवताचा उतार आहे."

मला घाम फुटला. पंपांशेजारी उभ्या माणसाला घाम असतोच, पण हा वेगळा होता.

"भाऊजी, मंगळवारी उड्या कुणी मारल्या होत्या?"

मी गप्प. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कधी गप्प राहिलो नसेन. आणि वहिनींना, त्या अर्ध्या कानाच्या बाईंना, ते गप्प राहणं स्वच्छ ऐकू आलं.

"पंप बंद करा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, निम्मी वाळू विहिरीत आहे. आत्ता बंद केले तर ती तळाला बसेल, विहीर तुंबेल. चार दिवस साफ करत बसावं लागेल. वीस मिनिटं द्या, मी वाळू पुढे ढकलून—"

"तुमचे दादा तिकडे विहिरीचं तोंड उघडून बसलेत. हातात गॅसकटर आहे. नकाशा उलटा असेल, तर तडा कालपासून त्यांच्याकडेच चाललाय."

"नक्की उलटा आहे?"

"नक्की नाही. बघायला पाच मिनिटं लागतील. ती पाच मिनिटं पंप बंद ठेवून घालवू या."

तोफ म्हणवणाऱ्या माणसाने काय करावं? मी बंद केले. शहाणपणाने नव्हे, भीतीने. बारा पंप एकामागून एक शांत झाले आणि चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. साहेब कचेरीच्या केबिनमधून धावत आले, "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं?" मी नुसतं व्हॅनकडे बोट केलं.

वहिनी तोवर वॉकीवर दादाशी बोलत होत्या. आमच्या सगळ्यांच्या वॉकी एकाच चॅनलवर, त्यामुळे नवरा-बायकोचं भांडण अख्ख्या कामाने ऐकलं.

"कटर विझवा आणि निघा. वाऱ्याकडे तोंड करून चालत सुटा, तिघंही."

"अगं, जुनं झाकण निघालंय, नवीन जागेवर ठेवलंय. चार बोल्ट आवळतो आणि निघतो."

"चार नाही. एकही नाही."

"अर्धवट काम टाकून कसा—"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "लग्नानंतर मी तुमच्याकडे काही मागितलंय का? आता मागते. निघा."

मग दादाचं, "निघालो."

मग त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, अकरा नंबर. पूर्वेला. उड्या."

मी धावलो. अकरा नंबरचा झेंडा दोनशे पावलांवर होता. चाळीस माणसं, साहेब, वीजवाला, सगळे बघत असताना अठ्ठ्याण्णव किलोच्या मुकादमाने डोक्यावरचं हेल्मेट एका हाताने धरून तीन उड्या मारल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"कुठे दिसल्या?" मी धापा टाकत विचारलं.

"एकतीसवर," वहिनी म्हणाल्या. एकतीस पश्चिमेला. माझ्यापासून तीनशे मीटर दूर.

म्हणजे पूर्वेचा प्लग पश्चिमेत आणि पश्चिमेचा पूर्वेत. माझ्या हाताने. आम्ही दोन दिवस आरशात बघत होतो, आणि जो तडा लांब जातोय म्हणून साहेब खूश होते, तो दादाच्या पायाखाली चालत निघाला होता. मी तिथेच गवतात बसलो.

पंप बंद होऊन अकरा मिनिटं झाली, तेव्हा जुन्या विहिरीतलं सिमेंट फुटलं आणि तिने तोंड उघडलं. आधी गुळण्या केल्यासारखा आवाज, मग चिखलाचं पाणी आणि वायूचा फूत्कार. न आवळलेलं नवीन झाकण उलटून पडलं आणि दोन पुरुष उंचीचा गढूळ फवारा उभा राहिला. मागून दाब देणारं कुणी नव्हतं, म्हणून पंधरा मिनिटांत तो आपोआप बसला. त्या पंधरा मिनिटांत तिथे पेटता कटर असता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. मी ते पुष्कळदा मनात पाहिलं आहे, तेवढं पुरे.

दादा टेकडीच्या वरच्या अंगाला उभा होता. त्याची अवजारांची पेटी चिखलात बुडाली. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि रडलो. त्याने माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "तुझ्या उड्यांनीच विहीर उघडली असणार. वजन कमी कर."

दुपारी साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? वहिनी म्हणाल्या, लिहून देते. मी व्हॅनच्या पायरीवर बसून वाट बघत होतो. इतक्या वर्षांची नोकरी, आणि खाली दोन खोट्या ठरलेल्या सह्या त्यांच्या होत्या. आतून पेन चालल्याचा आवाज येत होता. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: केबली उलट जोडल्या गेल्या. चाचणी झाल्याचं तोंडी कळलं. मी स्वतः न बघता सही केली. ही चूक माझी.

माझा भडका उडाला. "माझं नाव कुठे आहे यात? मला वाचवताय? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"वाचवत नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक मी लिहिली. तुमची तुम्ही लिहा. खाली जागा सोडली आहे."

खरंच सोडली होती. बरोबर दोन ओळींची.

मी लिहिलं: केबली मी लावल्या. उड्या मारल्या नव्हत्या, मारल्या म्हणून खोटं सांगितलं. अक्षर इतकं वाईट आलं, की त्यांनी मला शेवटचा शब्द पुन्हा काढायला लावला. टायपिस्ट शेवटी टायपिस्टच.

मला पंपांवरून काढून सहा महिने वाळूच्या ढिगांवर पाठवलं. त्यांना ताकीद देणारं पत्र आलं. ते त्यांनी चार घड्या करून वहीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेल्या. माणसाने चुकल्यावर कसं वागावं हे मला शाळेने, बापाने, साहेबांनी, कुणीच शिकवलं नव्हतं. ते मी पन्नाशीत, थोरल्या वहिनीकडून शिकलो.

चौकशीसाठी कटकट वही कचेरीत मागवली होती. आठवड्याने ती परत न्यायचं काम माझ्यावर आलं. वाटेत मी ती उघडली. कबूल करतो, टँकरची नोंद बघायला नव्हे, माझं काय लिहिलंय ते बघायला. गुरुवारच्या पानावर होतं: अकरा नंबर: भाऊजी, तीन उड्या. एकतीसवर दिसल्या. आणि खाली, केबली सरळ केल्यानंतरचं: अकरा नंबर: भाऊजी, पुन्हा तीन उड्या. अकरावरच. दमले आहेत.

मग माझं लक्ष नऊ नंबरकडे गेलं. जुन्या विहिरीकडे जाणारी पायवाट नऊ नंबरवरून जाते, आणि दादाचं शेडही तिकडेच. मी मागची पानं चाळली. महिने, मग वर्षं. कामाच्या प्रत्येक दिवशी, पंप सुरू होण्याआधी, एकच ओळ होती: नऊ नंबर: सव्वाआठ. हे. डावा पाय ओढत.

इतकी वर्षं दादाला ठाऊक नव्हतं, की सकाळी घरातून एकत्र निघून फाट्यावर वेगळे झाल्यावरही कुणीतरी त्याची पावलं ओळखून लिहून ठेवतंय.

बुधवारी दादाची सुट्टी होती, त्या पानावर ही ओळ नव्हती. मी पुन्हा गुरुवारचं पान काढलं. टँकरच्याही वर, पानाच्या अगदी सुरुवातीला होतं: नऊ नंबर: सव्वाआठ. कुणी नाही. आणि खाली: एकोणतीस नंबर: सव्वाआठ. हे? इकडे कशाला गेले असतील?

चौकशीत त्यांनी फक्त टँकरचं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

मी शुक्रवारचं पान उलटलं. त्या दिवशी पंप बंदच होते, त्यामुळे पान जवळजवळ कोरं होतं. एकच ओळ होती, आणि टायपिस्टचं ते बांधेसूद अक्षर तिथे जरा हललेलं होतं.

नऊ नंबर: सव्वाआठ. हे. डावा पाय ओढत. नऊवरच.